भयपटाची कॅसेट कुठे झिजते

कॅसेट हातात आली की मी आधी सिनेमाचं नाव वाचत नाही. ती उजेडात धरते आणि तिच्या पारदर्शक खिडकीतून आत गुंडाळलेल्या फितीची कड बघते. कड काळी, सपाट, एकसारखी दिसली तर बरं वाटतं. तिच्यावर पांढुरकी भुकटी किंवा बारीक ठिपके दिसले तर ती बुरशी. मग नाव कितीही मोलाचं असो, ती कॅसेट त्या दिवशी माझ्या मशीनमध्ये जात नाही. ही सवय अंगी यायला मला दोन वर्षं लागली आणि त्यात एक चांगलं मशीन गेलं.

सुरुवात माळ्यावरच्या बाबांच्या व्हीसीआरपासून झाली. जुन्या चादरीत गुंडाळलेला तो व्हीसीआर खाली काढला तेव्हा त्याच्या पोटात एक कॅसेट अडकलेली होती. बटण दाबलं की ती अर्धी बाहेर यायची आणि परत आत जायची. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. ती कॅसेट सोडवताना जे कुतूहल जागं झालं ते अजून तसंच आहे. त्याच आठवड्यात मी वहीत रकाने आखले: भयपट, विनोदी, युद्धपट, वेस्टर्न, रहस्यपट, विज्ञानकथा, संगीतपट, माहितीपट, मुलांचे सिनेमे. प्रत्येक रकान्यात निदान दहा जुने सिनेमे, तेही कॅसेटवरच, असं ठरवलं. डीव्हीडी आल्यानंतर जे पुन्हा कधी निघालेच नाहीत त्यांना पहिला मान.

व्हीएचएस, म्हणजे या कॅसेटांची पद्धत, १९७६ मध्ये जेव्हीसीने जपानमध्ये आणली. सोनीची अशीच दुसरी पद्धत, बीटामॅक्स, त्याआधी एक वर्ष आलेली होती. सिनेमे कॅसेटवर विकायला अमेरिकेत १९७७ मध्ये सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये कॅसेट भाड्याने देणारं दुकानही उघडलं. पुढची साधारण वीस वर्षं ज्याला घरी सिनेमा बघायचा त्याच्याकडे ही काळी डबी असायची. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. त्यामुळे कॅसेटपेक्षा मशीनची काळजी जास्त करावी लागते. कॅसेटा अजून कुणाकुणाच्या कपाटातून निघतात, पण चालू स्थितीतलं मशीन दरवर्षी थोडं अधिक दुर्मीळ होत जातं.

बाबांचं मशीन मी स्वतःच उघडलं. पट्टा बदलला आणि फीत जिथून फिरते ती सगळी जागा पुसली. पण वरचं झाकण काढून टेबलावर दिव्याखाली चालवून बघितलं तर ते काही केल्या चालेना. प्ले दाबलं की फीत क्षणभर ओढायचं आणि थांबायचं. तीन संध्याकाळी मी त्याच्यापुढे बसून होते. शेवटी ओळखीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी मशीनला हातही लावला नाही. म्हणाले, "आधी तो दिवा बंद कर." बंद केला आणि मशीन चालायला लागलं.

मग त्यांनी समजावलं. फितीच्या सुरुवातीला आणि शेवटी पारदर्शक पट्टी असते. मशीनमध्ये एक छोटा दिवा कॅसेटच्या मधल्या भोकात शिरतो आणि दोन्ही बाजूंना प्रकाश ओळखणारे डोळे असतात. काळी फीत मध्ये आहे तोवर प्रकाश अडतो. पारदर्शक पट्टी आली की तो आरपार जातो आणि मशीनला कळतं की फीत संपली, आता ओढायचं नाही. झाकण काढलेलं असताना माझ्या टेबलावरच्या दिव्याचा उजेड त्या डोळ्यांत जात होता आणि मशीनला वाटत होतं फीत संपली. हे ऐकल्यावर त्या यंत्राबद्दल मला खूप आदर वाटला. फीत तुटू नये म्हणून केवढा विचार केलाय!

चित्र फितीवर कसं लिहिलं जातं हेही त्यांच्याकडूनच शिकले. फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर रुंद. ती ६२ मिलीमीटर व्यासाच्या एका तिरक्या, चकचकीत ढोलाभोवती गुंडाळली जाते. ढोलावर बारीक हेड, म्हणजे फीत वाचणारी चुंबकीय टोकं, असतात आणि पाल पद्धतीत (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) ढोल मिनिटाला १५०० वेळा फिरतो. फीत स्वतः मात्र सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी सरकते. हेड तिच्यावर तिरक्या रेघा वाचत जातात, एकेक रेघ केसापेक्षा बारीक. या रेघांवर धूळ बसली, फीत चुरगळली किंवा तिचा लेप झिजला की पडद्यावर मुंग्या येतात.

माझ्या रकान्यांना इथून वेगळाच अर्थ यायला लागला. सिनेमाच्या प्रत्येक प्रकाराचा कॅसेटवरचा आजार वेगळा असतो. हे कुणी सांगितलं नव्हतं, डबे भरत गेले तसं दिसत गेलं.

भयपटांचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. एकदा एक फारसा कुणाला माहीत नसलेला भयपट लावला होता. मी तो पूर्वी पाहिलेला नव्हता. पाऊणएक तास चित्र अगदी स्वच्छ होतं. बाई जिन्यावरून खाली येतेय, हातात मेणबत्ती, शांतता. तेवढ्यात चित्राच्या खालच्या कडेला बारीक पांढरी रेघ थरथरायला लागली. मग दुसरी. आवाजात खरखर आली. पडद्यावर अजून काहीच घडलेलं नव्हतं, पण मला कळलं की आता काहीतरी येणार, कारण माझ्याआधी ही कॅसेट ज्यांनी ज्यांनी नेली होती ते सगळे इथे थांबले होते. त्यांनी पॉज केलं होतं, मागे नेलं होतं, पुन्हा पाहिलं होतं. दार उघडलं, ती किंचाळली, आणि चित्र पूर्ण विस्कटलं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा स्वच्छ.

पॉज केल्यावर फीत थांबते, ढोल मात्र फिरतच राहतो. पाल मशीनमध्ये ढोल सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत हेड फितीच्या त्याच जागेवरून घासत जातात. म्हणूनच बहुतेक मशीन काही मिनिटांनी पॉज आपोआप सोडून देतात. भाड्याने शंभर घरांत फिरलेल्या कॅसेटवर त्या झिजेची खूण राहते. भयपटात ती भीतीच्या जागी असते, विनोदी सिनेमात लोकांना सगळ्यात जास्त हसू आलं तिथे, युद्धपटात मोठ्या स्फोटाच्या पाचसात सेकंदांवर. शेवटची नामावळी मात्र जवळजवळ प्रत्येक कॅसेटवर कोरी करकरीत असते. ती कोणी बघतच नाही.

त्या रात्री मी भयपटाची एक वेगळी वही केली. मिनिट, सेकंद आणि तिथे काय दिसलं ते त्यात लिहिते. आज तिच्यात त्रेसष्ट कॅसेटांच्या झिजेच्या नोंदी आहेत. एखादा सिनेमा पुढे नव्याने, स्वच्छ करून निघाला तर त्यात हे काहीच असणार नाही. तो चांगला दिसेल आणि दिसावाच. पण अनोळखी माणसं एकेकटी आपापल्या खोलीत एकाच जागी दचकली, याचा दुसरा पुरावा मला माहीत नाही.

भयपट शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने कॅसेटवरच्या सिनेमांना प्रमाणपत्र सक्तीचं केलं. त्याआधी बाजारात आलेल्या कॅसेटांना संग्राहक 'प्री-सर्ट' म्हणतात. त्यांच्यावर अनेकदा न कापलेला सिनेमा मिळतो आणि त्याच सिनेमाची नंतरची कॅसेट लांबीला काही मिनिटं कमी भरते. म्हणून डब्यावर छापलेली मिनिटं मी नेहमी घड्याळाशी ताडून बघते. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१५ मध्ये सुमारे २७०० कॅसेटांचा संग्रह घेतला, त्यात मुख्यतः भयपट आणि स्वस्तातले सनसनाटी सिनेमे होते. ती बातमी वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ज्याला कचरा म्हणून टाकून देतात ते कुणीतरी विद्यापीठाच्या कपाटात जपून ठेवलं.

वेस्टर्न आणि मोठ्या युद्धपटांचा आजार फितीवर शोधून सापडत नाही, कारण तो सिनेमा कॅसेटवर घेतानाच जडलेला असतो. हे सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले. रुंदी उंचीच्या २.३५ पट. जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन. चित्राने टीव्ही पूर्ण भरावा म्हणून दोन्ही बाजू कापल्या की मूळ चौकटीचा साधारण ४३ टक्के भाग जातो. वाळवंटात दोन घोडेस्वार समोरासमोर उभे असतात आणि कॅसेटवर एकच दिसतो, किंवा दोघांच्या मधलं रिकामं आकाश. कधी चौकट मध्येच सरकते, तो सरकाव मूळ छायाचित्रकाराने केलेला नसतो. याने मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून या रकान्यात मी वरखाली काळ्या पट्ट्या असलेल्या कॅसेटा आधी शोधते. पूर्वी लोक त्या परत करायचे, चित्र कापलंय असं समजून. प्रत्यक्षात अख्खं चित्र त्यांच्यावरच असायचं. एक उलटा प्रकारही आहे. काही सिनेमे कॅमेऱ्यात उंच चौकटीत घेतलेले आणि थिएटरात वरखाली झाकून दाखवलेले असतात. कॅसेटवर ते झाकण निघतं आणि कधी वरून माइक डोकावतो. असे दोन माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मला प्रिय आहेत.

हक्क संपलेल्या किंवा हक्कच न राहिलेल्या सिनेमांचा प्रश्न फितीच्या वेगाचा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ चा सिनेमा घ्या. प्रदर्शनाच्या वेळी त्याचं नाव बदललं आणि नव्या नामपाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. त्यामुळे तो अमेरिकेत सगळ्यांसाठी मोकळा झाला आणि कित्येक कंपन्यांनी त्याच्या कॅसेटा काढल्या. माझ्याकडे चार आहेत, चारींचं कव्हर वेगळं. पण हातात धरली की फरक लगेच कळतो. एनटीएससी (अमेरिका-जपानमधली टीव्हीची पद्धत) कॅसेटवर नेहमीच्या वेगाने ९६ मिनिटांच्या या सिनेमाला साधारण १९२ मीटर फीत लागते. सगळ्यात हळू वेगाने घेतला तर ६४ मीटरमध्ये भागतं. फीत वाचवण्यासाठी कुणी तसं केलं असेल तर खिडकीतून दिसणारी गुंडाळी अगदीच बारीक असते. पूर्ण लांबीचा सिनेमा आणि एवढीशी गुंडाळी दिसली की समजावं, चित्र पिचपिचीत असणार. तिरक्या रेघा एकतृतीयांश रुंदीच्या झालेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर त्या धड सापडतही नाहीत आणि ट्रॅकिंगचं, म्हणजे हेड रेघांवर नीट बसवायचं, बटण फिरवून बोटं दुखतात.

संगीतपटात कानाकडे लक्ष द्यावं लागतं. व्हीएचएसचा मूळ आवाज फितीच्या वरच्या कडेला एका अरुंद पट्ट्यात असतो, आणि फीत हळू चालत असल्यामुळे त्यात उंच सूर दबतात. १९८४ च्या सुमारास हाय-फाय आलं. त्यात आवाजही फिरत्या ढोलावरच्या हेडनीच लिहिला जातो, चित्राच्या खाली, लेपात अधिक खोल. चांगल्या हाय-फाय कॅसेटचा आवाज इतका भरघोस असतो की डोळे मिटून ऐकावा. पण ट्रॅकिंग जरा हललं की मशीन हाय-फाय सोडून कडेच्या पट्ट्यावर जातं, आणि भर गाण्यात व्हायोलिनं एकदम भिंतीपलीकडे गेल्यासारखी वाटतात. या कॅसेटा मी सगळ्यात चांगल्या मशीनवरच लावते आणि लावण्याआधी हेड पुसते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं मऊ चामडं. चामडं एका जागी धरायचं आणि ढोल हाताने हळू फिरवायचा. वरखाली कधीही घासायचं नाही, हेडची टोकं मोडतात. कापसाचा बोळा तर अजिबात नको, त्याचा एक धागा हेडमध्ये अडकला की संपलं.

मुलांच्या सिनेमांच्या कॅसेटा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारख्याच झिजलेल्या असतात, कारण मुलं एकच सिनेमा रोज बघतात, अख्खा. डब्याची झडप तुटलेली, लेबलावर पेन्सिलीच्या रेघोट्या. अशीच एक कॅसेट मिळाली तिचं खोकं फुटलेलं होतं, फीत मात्र शाबूत. मग फीत दुसऱ्या खोक्यात बदलण्याचं काम मी पहिल्यांदा केलं. कॅसेट उलटी करायची, पाच स्क्रू काढायचे, मग दोन्ही भाग घट्ट धरून सुलटी करायची आणि वरचा भाग सरळ उचलायचा. तिरका उचलला तर झडपेची बारीक स्प्रिंग उडते. ती कुठे जाते ते देवाला ठाऊक. आत दोन चकत्या, त्यांना अडवणारे ब्रेक, कोपऱ्यात गुळगुळीत खुंट्या. फीत कोणत्या खुंटीच्या बाहेरून जाते याचा आधी फोटो काढून ठेवायचा. दोन्ही चकत्या एकदम उचलून नव्या खोक्यात ठेवल्या, फितीला कापडी हातमोजे घालूनच स्पर्श केला. ती कॅसेट लागली आणि निळ्या पडद्यानंतर पहिलं चित्र आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

फीत तुटलीच असेल तर जोडायला खास जोडपट्टी मिळते. ती हेडला न लागणाऱ्या बाजूने लावायची. साधी चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद पाझरतो आणि ढोलावर बसतो. आणि जोड असलेली फीत चांगल्या मशीनमध्ये नेऊच नये असं माझं मत आहे. त्यासाठी मी एक जुनं मशीन वेगळं ठेवलंय.

हे वेगळं मशीन ठेवायची अक्कल बुरशीने दिली. बराच शोध घेतलेला एक माहितीपट हाती आला होता, समुद्राखालच्या चित्रीकरणाचा. माझ्या माहितीत तो दुसऱ्या कुठल्याही रूपात निघालेला नव्हता. घाईत मी खिडकीतून नीट पाहिलं नाही. दहा मिनिटं चित्र आलं, मग मुंग्या, मग काळं. मशीन उघडलं तर ढोलावर, रबरी चाकावर, प्रत्येक खुंटीवर पांढरी पूड. पुसून झालं असं वाटून दुसऱ्या दिवशी एक रहस्यपट लावला, नंतर एक विज्ञानकथा. दोन्हींच्या कडांवर महिन्याभराने ठिपके दिसले. बुरशीचे कण मीच त्या दोघींपर्यंत पोचवले होते. पुसताना एक हेडही तुटलं. त्या महिन्यात मी एकही सिनेमा लावला नाही.

तेव्हापासूनची पद्धत अशी. संशयित कॅसेट आली की बंद पिशवीत, घरातल्या बाकी कॅसेटांपासून लांब. मग ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे. ओली बुरशी चिकट असते आणि पसरते, कोरडी झाली की झटकली जाते. त्यानंतर उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून, खोकं उघडून मऊ कुंचल्याने कडा साफ करायच्या. मग ती फक्त त्या वेगळ्या मशीनवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची, आणि मध्येच थांबवून पुन्हा पुन्हा सगळं पुसायचं. एका कॅसेटला आख्खी दुपार जाते.

बाकीच्या कॅसेटा मी उभ्या ठेवते, पुस्तकांसारख्या, पूर्ण गुंडाळून. आडव्या ठेवल्या तर गुंडाळीचे वेढे खाली सरकतात आणि कड दुमडते. स्पीकरपासून लांब, कारण स्पीकरमध्ये चुंबक असतो. खोली थंड आणि कोरडी. दुसऱ्या देशातून आलेल्या कॅसेटांच्या पाठीवर मी लाल ठिपका लावते, कारण पाल आणि एनटीएससी एकमेकांच्या मशीनवर धड चालत नाहीत आणि त्यांना दोन्ही पद्धती वाचणारं मशीन लागतं. डिजिटल प्रत मी फक्त त्यांचीच करते ज्यांचं दुसरं काहीच उरलेलं नाही. पुष्कळ विकाऊ कॅसेटांवर कॉपी रोखण्यासाठी मॅक्रोव्हिजन असतं, त्यामुळे प्रतीत चित्र उजळतं, काळवंडतं, पुन्हा उजळतं. नव्या संग्राहकाला वाटतं फीत बिघडली. ती बिघडलेली नसते.

समुद्राचा तो माहितीपट मी टाकला नाही. पहिल्यांदा नीट वाळवला नव्हता म्हणून पुन्हा सिलिका जेलच्या डब्यात ठेवला. आता नऊ आठवडे झालेत. काल झाकण उघडून खिडकीतून पाहिलं, कड अजून पांढरीच आहे, पण डबा टिचकीने वाजवला तेव्हा आत थोडी पूड खाली पडली. येत्या रविवारी हवा कोरडी असली तर स्क्रू काढेन.